अमेरिकेचा अभ्यास आणि अकरा टोप बोईट

अमेरिकेचा अभ्यास करायचा असं मी कधीच ठरवलं नव्हतं. मला कॉमर्सला जायचं होतं. पण अ‍ॅडमिशनच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये पसंतीचे पाच रकाने भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. चार भरले. पाचव्यासाठी कॉलेजच्या कोर्सेसची यादी उघडली, ती अकारविल्हे होती, आणि सगळ्यात वर 'अमेरिकन समाज आणि संस्कृती : आंतरविद्याशाखीय पदवी अभ्यासक्रम' असं होतं. मी त्यावर बोट ठेवलं आणि फॉर्म पाठवून दिला. पहिल्या चार ठिकाणी नंबर लागला नाही. पाचव्या ठिकाणी पहिल्याच यादीत माझं नाव होतं, कारण यादीत एकूण नावंच फार नव्हती.

आम्ही दिवाळे गावातले कोळी. बाबा पहाटे होडी घेऊन खाडीत जातात आणि दुपारी एका ऑफिसात शिपाई असतात. आई गावातल्या मासळी बाजारात बसते. कॉलेजात मात्र मी 'बेलापूरला राहते' असं सांगायचे. ते खोटं नव्हतं, पण सांगताना मी 'सेक्टर' असं काहीतरी पुटपुटायचे आणि विषय बदलायचे.

'आंतरविद्याशाखीय' म्हणजे काय, ते पहिल्याच दिवशी कळलं. चार विभागांचे चार शिक्षक एकाच वेळी एका वर्गात आले. साहित्याच्या मॅडम, इतिहासाचे सर, राज्यशास्त्राचे सर आणि अर्थशास्त्राचे सर. मॅडमनी विचारलं, "अमेरिका म्हणजे काय?" आम्ही गप्प बसलो, म्हणून इतिहासाच्या सरांनी उत्तर दिलं. राज्यशास्त्राचे सर म्हणाले, तसं म्हणता येणार नाही. अर्थशास्त्राचे सर म्हणाले, दोघांचंही चूक आहे. बेल होईपर्यंत ते एकमेकांशीच बोलत होते आणि आम्ही अठरा मुलं-मुली टेनिसची मॅच बघतात तशा माना फिरवत होतो. तीन वर्षं हे असंच चाललं. आणि खरं सांगायचं तर यातूनच मी पुष्कळ शिकले.

चौघांपैकी अमेरिकेला कुणीच गेलेलं नव्हतं. अर्थशास्त्राचे सर सगळ्यात जवळ पोचले होते. ते व्हिसाच्या खिडकीपर्यंत जाऊन परत आले होते. काचेपलीकडच्या अमेरिकन माणसाशी ते चार मिनिटं बोलले होते, त्यामुळे वर्गात त्यांच्याबद्दल वेगळाच आदर होता. कुठल्याही चर्चेत ते म्हणायचे, "माझा जो थोडाफार प्रत्यक्ष अनुभव आहे, त्यावरून सांगतो."

पहिल्या वर्षी आम्ही दोन महिने नुसतं गवत शिकलो. अमेरिकेत प्रत्येक घरापुढे हिरवळ असते, ती किती उंच वाढू द्यायची यावरून शेजाऱ्यांत कसे वाद होतात, त्यातून समाज कसा कळतो, वगैरे. मी घरी पाठ करत बसले होते. आई कोयत्यावर, आमच्या मासळीच्या विळीवर, मासे साफ करत ऐकत होती.

ती म्हणाली, "म्हंजे गवत वाडवायचा?"

"हो."

"मंग कापायचा?"

"दर आठवड्याला."

"आनि ढोरांना नाय घालायचा?"

"नाही. फेकून देतात."

आईने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी फी भरून फसले होते. दुसऱ्या दिवशी मी तिचा प्रश्न वर्गात विचारला. इतिहासाच्या सरांनी तो फळ्यावर लिहिला, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि त्यावर चौघांचं दीड तास भांडण झालं.

पुढच्या वर्षी आम्हाला सांगितलं, आपल्या ओळखीत अमेरिका पाहिलेला माणूस शोधा आणि त्याची मुलाखत घ्या. बाकीच्या मुलांना कुणाचा चुलतभाऊ, कुणाची आत्तेबहीण सापडली. मला माझा मामा सापडला. मामा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. एकदा त्याचं जहाज तीन दिवस अमेरिकेच्या एका बंदरात उभं होतं आणि मामा एक दुपार खाली उतरला होता. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि विचारलं, "मामा, अमेरिका कशी आहे?"

मामाने खूप विचार केला. मग म्हणाला, "बंदराकडची द्रोणागिरी बगितलीस ना? तशीच. तेच कंटेनर, तेच ट्रेलर, तेच गोडावन. फक्त थंडी हाय आनि कुठं चहा नाय."

"आणि लोक?"

"येकच भेटला. गेटवरचा वॉचमन. तो बोलला, आत जा."

मॅडमना ही मुलाखत एवढी आवडली की त्यांनी ती सगळ्या वर्गाला ऐकवली. अर्थशास्त्राच्या सरांचा चेहरा मात्र जरा उतरला. मामा त्यांच्यापेक्षा एक दुपार पुढे होता.

याच सुमाराला गावात एक गोष्ट पसरली. आई बाजारात एका गिऱ्हाइकाला म्हणाली होती, "माझी पोरगी अमेरिकेचं शिकते." शेजारच्या कोळणीच्या पाटीवर तिचं 'अमेरिकेचं'चं 'अमेरिकेत' झालं. रांगेच्या शेवटापर्यंत 'अमेरिकेला जाते' झालं. संध्याकाळी मी गल्लीत शिरले तर समोरच्या घरातली आत्या ओट्यावर बसली होती. सख्खी नव्हे, पण सगळी गल्ली तिला आत्याच म्हणते. तिने मला जवळ बोलावून तोंडावरून हात फिरवला आणि वाटीभर शिंपल्यातली कालवं दिली.

"खा गो पोरी. तिकडे कुठं भेटनार?"

मी सांगायचा प्रयत्न केला. अगदी नीट सांगितलं, की आत्या, मी कुठे जात नाहीये, इथेच शिकतेय. आत्या म्हणाली, "हां, हां, अजून टाइम हाय, मना माहीत हाय." पहिल्या महिन्यात मी अशा सात-आठ जणांना समजावलं. मग कंटाळले. आणि कंटाळल्यावर लक्षात आलं की यात माझं नुकसान काहीच नाहीये. कुणी मला काम सांगत नव्हतं. कुणाकडे खेकडे, म्हणजे आमच्या चिंबोऱ्या, आल्या की नांग्या माझ्या ताटात यायच्या. गणपतीत आरतीला मला पुढे उभं करायचे. मी गप्प बसले आणि खात राहिले. ही माझी चूक होती, आणि ती मी दीड वर्षं केली.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटच्या प्रोजेक्टला चिठ्ठ्या उचलायच्या होत्या. अमेरिकन लोकांची एक प्रथा आपल्या स्वतःच्या वस्तीत करून बघायची आणि काय झालं ते लिहायचं. करंजाड्याच्या माझ्या मैत्रिणीला 'घरापुढच्या अंगणात जुन्या वस्तूंची विक्री' आलं. तिच्या बिल्डिंगमध्ये घरापुढे लिफ्ट होती. मला आलं 'पॉटलक'. म्हणजे सगळ्यांनी एके ठिकाणी जेवायला जमायचं आणि प्रत्येकाने घरून एक पदार्थ करून आणायचा.

"हे सोपंय," मैत्रीण म्हणाली. "तुझ्या सेक्टरमधल्या लोकांना बोलव."

तेव्हा मला सांगावं लागलं की सेक्टर वगैरे काही नाही, मी दिवाळ्याची आहे, कोळीवाड्यातली, माझी आई मासे विकते. मैत्रीण म्हणाली, "मग मला इतके दिवस मासे बाजारभावाने का घ्यायला लावलेस?" तिचे वडील साताऱ्याकडून येऊन मार्केटात माथाडी झालेले. तिला या सगळ्यात लाजण्यासारखं काय आहे तेच कळेना. माझी जवळजवळ तीन वर्षांची लपवाछपवी अशी अर्ध्या मिनिटात संपली, आणि मला जरा वाईटच वाटलं, की एवढी मेहनत कशासाठी घेतली.

खरी अडचण आई होती.

"जेवायला आपुन बोलवायचा," ती म्हणाली.

"हो."

"आनि जेवन त्यांनी आनायचा."

"हो. प्रत्येकाने एक टोप."

"मंग आपुन काय करायचा?"

"आपणपण एक टोप करायचा."

आईने हातातला टोप खाली ठेवला. मग म्हणाली, "तुज्या बापसाच्या घरान्यात असा कोनी केला नाय." बाबा टीव्ही बघत होते, ते म्हणाले, "मना कशाला मधी घेतंस?" शेवटी मार्कांचा प्रश्न आहे म्हटल्यावर आई तयार झाली, पण एका अटीवर. आमंत्रण ती करणार. मी एक यादी केली होती, कोणी भात आणायचा, कोणी भाकऱ्या, कोणी सोलकढी, कोणी गोड. आईने ती यादी घेतली आणि कमरेला खोचली. नंतर कळलं की ती तिने कुणालाच सांगितली नाही. लोकांना जेवायला बोलवून वर काय आणायचं ते सांगायचं, एवढं तिच्या तोंडातून निघेना. ती दारोदार जाऊन फक्त एवढंच म्हणाली, "रविवारी पोरीसाठी जेवन हाय. येक येक टोप घेऊन या. अमेरिकेची पद्धत हाय."

'पोरीसाठी', 'जेवण' आणि 'अमेरिका' हे तीन शब्द एका वाक्यात आल्यावर गल्लीने काय समजायचं ते समजलं.

शनिवारी रात्रीच्या भरतीला गावातल्या होड्यांना बोईट लागले. चंदेरी, खवल्यांचा, खाडीतला मासा. थोडेथोडके नाहीत, सगळ्याच होड्यांना. रविवारी सकाळी गल्लीत घराघरातून एकाच फोडणीचा वास येत होता. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

दुपारी आमच्या दारापुढे ताडपत्री अंथरली. चारही शिक्षक आले. मॅडम आधी बेलापूरला जाऊन तासभर सेक्टर शोधून आल्या होत्या, माझ्याच कृपेने. प्रत्येकाच्या हातात वही होती. मैत्रीण करंजाड्याहून भाकऱ्या, खर्डा आणि पिठलं घेऊन आली. वर्गातली बाकीची मुलं वेफर्सची पाकिटं घेऊन आली. मग गल्ली आली. एकेका घरातून एकेक टोप, वर ताटली, ताटलीवर फडकं. अकरा टोप ताडपत्रीवर रांगेत ठेवले.

मी उभी राहून चार वाक्यं बोलले. पॉटलक म्हणजे विविधतेतून एकत्र येणं, प्रत्येक घराची चव वेगळी, वगैरे. मॅडमनी मान डोलावली. मग मी पहिल्या टोपावरची ताटली काढली. बोईटाचं कालवण. सगळे वा वा म्हणाले. दुसरी काढली. बोईटाचं कालवण. तिसरी काढली. चौथ्या टोपाला राज्यशास्त्राच्या सरांनी वहीत लिहिणं थांबवलं. अकराव्या टोपापर्यंत मी ताटल्या काढत गेले, कारण मधेच थांबायचं कसं ते कळेना. अकराही टोपांत बोईट होते.

"पुरवठ्याचा परिणाम," अर्थशास्त्राचे सर हळूच म्हणाले.

भात कुणीच आणला नव्हता. पण मी वळले तर आई आणि बाबा घरातून एक मोठा टोप दोन बाजूंनी धरून बाहेर आणत होते. आईने पहाटे उठून सगळ्या गल्लीला पुरेल एवढा भात करून मोरीपाशी लपवून ठेवला होता. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "भात तरी आपला नको?"

तेवढ्यात आत्या पुढे आली. तिच्या हातात सूप होतं. सुपात नारळ, हळदकुंकू, खण आणि तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत एकावर एक गुंडाळलेला सुका जवळा, नखाएवढी वाळवलेली कोलंबी. मी काही म्हणायच्या आत तिने माझी ओटी भरली, मला मिठी मारली आणि रडायला लागली. तिचं बघून तिच्या सुना रडायला लागल्या. मग शेजारच्या बायका. साहित्याच्या मॅडमच्याही डोळ्यांना पाणी आलं. कशासाठी ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण वातावरणच तसं होतं. इतिहासाचे सर फोटो काढत होते. राज्यशास्त्राच्या सरांनी वही परत उघडली आणि मला नंतर दाखवलं त्याप्रमाणे लिहिलं, 'पॉटलकचे स्थानिक रूप : प्रारंभी सामूहिक रुदन.'

आत्या म्हणाली, "जवला पेटीत खाली ठेव. पोलिसांना वास येतो. आनि जाऊन येकदा फोन कर."

आता सांगायलाच हवं होतं. एवढ्या लोकांसमोर, हातात नारळ घेऊन.

"आत्या, मी कुठे जात नाहीये."

"अशीच बोलतात सगली. जाताना कोनाला बरा वाटतो?"

"खरंच नाही जात. मी इथंच शिकते. बसने जाते ना रोज."

"ता अमेरिकेचा कॉलेज हाय ना?"

"कॉलेज इथलंच आहे. तिथे अमेरिकेबद्दल शिकवतात."

रडणं थांबलं. आत्याने पदराने नाक पुसलं आणि विचारलं, "तिकडे न जाता?"

"हो."

"तीन वर्सं?"

"हो."

आत्या माझ्या शिक्षकांकडे वळली. ते ताडपत्रीवर मांडी घालून ओळीत बसले होते. तिने चौघांना एकदा नीट बघून घेतलं.

"तुमी गेलेत?"

मॅडमनी मान खाली घातली. इतिहासाच्या सरांनी कॅमेरा खाली ठेवला. राज्यशास्त्राचे सर पेनचं टोपण लावत राहिले. अर्थशास्त्राचे सर म्हणाले, "मी खिडकीपर्यंत गेलो होतो."

"कनची खिडकी?"

सरांनी ती सगळी हकिगत सांगितली. काचेची, चार मिनिटांची. बायकांनी अगदी मन लावून ऐकली. एक जण हळहळली, "एवढा शिकलेला मानूस, आनि दारातून परत." तेव्हा आई भाताचा हात पदराला पुसत म्हणाली, "माझा भाऊ जाऊन आलाय." सगळ्यांच्या माना मामाकडे वळल्या. मामा एवढा वेळ मागे भिंतीला टेकून, जेवण कधी सुरू होतंय याची वाट बघत उभा होता. त्याला धरून पुढे आणलं, शिक्षकांच्या शेजारी बसवलं, आणि त्या दुपारचा अमेरिकेवरचा पुढचा सगळा तास मामाने घेतला. गेटवरचा वॉचमन त्या दिवशी जरा जास्त बोलला, पण ते असो.

जेवायला बसल्यावर दुसराच घोटाळा झाला. अकरा घरांचे अकरा टोप, सगळ्यांत एकच मासा. तुलना होणारच. आणि तुलना कोण करणार, तर बाहेरून आलेले, वह्या घेऊन बसलेले. बायकांनी वाटीवाटी करून मासे खाणाऱ्या तिन्ही शिक्षकांना अकराही कालवणं वाढली आणि समोर उभ्या राहिल्या.

"बोला. कोनचा चांगला?"

इतिहासाचे सर म्हणाले, प्रत्येकाला स्वतःची परंपरा आहे. मॅडम म्हणाल्या, प्रत्येकाची एक वेगळी लय आहे. अर्थशास्त्राचे सर म्हणाले, तुलनेचा निकष आधी ठरवावा लागेल. एक काकी म्हणाली, "मास्तर, बोईट चांगला का वाईट, येवडाच सांगा." तीन वर्षांत पहिल्यांदा ते तिघे एकमेकांकडे मदतीसाठी बघत होते.

राज्यशास्त्राचे सर शाकाहारी. त्यांना मैत्रिणीचं पिठलं-भाकरी मिळाली, म्हणून ते वाचले असं वाटत होतं. पण आईला पाहुण्याचं ताट असं सुनं बघवेना. ती जवळ्याची चटणी घेऊन आली. "येवडीशी घ्या. हा काय मासा नाय." सरांनी हात जोडले. आई म्हणाली, "बारीक हाय. दिसत बी नाय." सरांनी परत हात जोडले. शेवटी बाबांनी आईला आत नेलं.

आत्या मात्र माझ्याशी बोलली नाही. जेवली, दोनदा भात घेतला, टोप घेऊन घरी गेली. दीड वर्षं तिच्या घरच्या नांग्या खाल्ल्यात हे आठवून मला रात्री जेवण गेलं नाही, अर्थात दुपारचं पुष्कळ झालं होतं हेही खरं. सकाळी मी सूप घेऊन तिच्याकडे गेले. नारळ, खण, जवळा, सगळं जसंच्या तसं.

"आत्या, चुकलं माझं. आधीच नीट सांगायला हवं होतं."

"सांगितलास की. मीच नाय ऐकला." तिने सुपातला नारळ कानाशी हलवून बघितला. "वटी परत घेत नसतात. नारल तुला ठेव, खण ठेव."

मला गहिवरून आलं.

"जवला दे," ती म्हणाली. "तो चांगला हाय."

प्रोजेक्ट मी जसं झालं तसं लिहिलं. आत्याचा प्रश्न, आईचा भात, अकरा टोप, सगळं. चार शिक्षकांनी चार वेगळे मार्क दिले. इतिहासाच्या सरांच्या मते हे पॉटलक नव्हतंच. मॅडमच्या मते हेच खरं पॉटलक होतं. मग सरासरी काढली. मी पास झाले, चांगली पास झाले. आता महापेला एका कंपनीत नोकरी करते. तिथे इंटरव्ह्यूला विचारलं की अमेरिकेचा अभ्यास म्हणजे नेमकं काय केलंत. मी बोईटाचं सांगायला सुरुवात केली, ती पंधरा मिनिटांनी थांबले, आणि त्यांनी घेतलं.

दिवाळ्यात ते जेवण बंद पडलं नाही. दर वर्षी मासेमारीची बंदी उठून भरलेल्या होड्या किनाऱ्याला लागल्या की एक रविवार ठरतो. गल्ली त्याला 'टोपलक' म्हणते आणि हा शब्द बाहेरून आलाय हे आता लहान पोरांना सांगूनही पटत नाही. मैत्रीण येते. मॅडम येतात, पत्ता न चुकता. अर्थशास्त्राचे सर आपला डबा घेऊन येतात आणि मामाशेजारी बसतात. कुणी काय आणायचं ते अजूनही कुणी कुणाला सांगत नाही. गेल्या वर्षी नऊ टोप कोलंबी होती, आणि एक टोप वांग्याची भाजी, ती राज्यशास्त्राच्या सरांसाठी आत्याने केली होती. सरांनी ती दोनदा मागून घेतली. त्यात सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, होते की नाही ते आम्ही त्यांना विचारलं नाही, आणि आत्यालाही नाही.